मसुदा असतानाच बोलू या



महामाया मंदिराच्या आणि दूधाधारी मठाच्या, रायपूरच्या या पुरानी बस्तीत संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. इथलाच जैतूसाव मठ. १९३०च्या सत्याग्रहातल्या पाच पुढाऱ्यांना रायपूरकर पांडव म्हणत. त्यांतले भीम म्हणजे या मठाचे महंत लक्ष्मीनारायण दास आणि युधिष्ठिर म्हणजे आपले वामनराव लाखे. १९१३ साली रायपुरात सहकारी बँक उभी करणाऱ्या, कायदा शिकलेल्या या माणसाने अन्यायी कायद्यापायी तुरुंगही पत्करला.

त्याआधीची, १९२०ची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. धमतरीजवळच्या कंडेल गावावर कालव्याचे पाणी चोरल्याचा आळ आला, तोही भर पावसाळ्यात! गावाला दंड झाला. गावाने तो भरला नाही, म्हणून गुरेढोरे जप्त झाली आणि बाजारात लिलावाला उभी केली. बोली लावायला कोणी पुढे आलेच नाही. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांनी लोकांना एकत्र बांधले होते. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. ज्याला मताचा अधिकारही नव्हता, त्या शेतकऱ्याने हुकूम फिरवून दाखवला.

आज आपल्याला मत आहे. शिवाय सभागृहही जवळ आले आहे. १९५६पर्यंत आपले कायदे नागपुरात होत, नंतर भोपाळला. १४ डिसेंबर २००० रोजी छत्तीसगड विधानसभेची पहिली बैठक इथल्या राजकुमार कॉलेजात भरली. नव्वद आमदारांचे हे सभागृह आपल्या शहराजवळच आहे. पण तिथे कोणते विधेयक मांडले गेले, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात?

विधेयक मंजूर झाले, राज्यपालांची संमती मिळाली, म्हणजे काम संपले असे आपण समजतो. आपल्या रोजच्या जगण्याला भिडतात ते मात्र त्यानंतरचे नियम. अर्ज कुणी करायचा, शुल्क किती, अपील कुठे, हे सारे तिथे ठरते. मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असेल, तर राज्याच्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाप्रमाणे नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि मुदतीत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात. शहराच्या विकास आराखड्यालाही अशीच हरकतींची मुदत असते. ती उलटून गेल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा मुदतीत लिहिलेले एक पान अधिक कामाचे, असे माझे ठाम मत आहे.

महापालिकेतही असे बोलायला जागा आहे. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात, असे संविधानाचा अनुच्छेद २४३-एस सांगतो. आपल्या वॉर्डाची समिती कोणती, ती कधी बसते, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. ते जरूर विचारा.

दुपारच्या सत्रात आपण एक मसुदा प्रत्यक्ष वाचणार आहोत. नुसते "मान्य नाही" लिहून भागत नाही. कलम कोणते, त्रास कुणाला आणि त्या जागी कोणते शब्द हवेत, हे तिन्ही लिहावे लागते. प्रत्येकाने एक तरी हरकत लिहावी, असा समितीचा आग्रह आहे. विशेषतः भगिनींनी लिहावी. नळ, रेशन आणि शाळा यांच्या नियमांची झळ त्यांनाच आधी लागते.