आधी हिशेब, मग बारसं

(कापूस व ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे तीन गावांनी मिळून एकच प्रश्न ठेवला आहे. कंपनी काढायचं ठरलं आहे, नाव काय ठेवायचं? चिठ्ठ्यांवर सतरा नावं आली. त्यात चार 'बळीराजा' आहेत, तीन देवांची नावं आहेत, दोन पुढाऱ्यांची आहेत. एका चिठ्ठीवर 'इंटरनॅशनल' असंही लिहिलं आहे. पण कंपनी काय विकणार, हे सतरापैकी एकाही चिठ्ठीवर नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली ही गत.

आम्ही कुणाला हसत नाही. आम्हीही हेच केलं होतं. आधी पाटी रंगवली, नारळ फोडला, पेढे वाटले आणि मग सीएकडे गेलो. त्यानं संगणकात बघून सांगितलं, या नावाची कंपनी आधीच नोंदलेली आहे. ती पाटी आता आमच्या गोठ्याला आडोसा म्हणून लावली आहे. निदान वासराला तरी तिचा उपयोग होतो.

पण नावाचा प्रश्न लहान आहे असं समजू नका. आपला कापूस घरातून निघतो तेव्हा त्याला नाव नसतं. जिनात गेला, रुई निघाली, गाठ बांधली की गाठीवर जिनाचा शिक्का बसतो. ज्वारी पोत्यात असते तोवर नुसता 'माल' असते. शहरात पिशवीत गेली की पिशवीवर दुसऱ्याचं नाव छापलं जातं. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, तेव्हा आपला कापूस सरकारच्या नावानं विकला गेला. ती गेल्यावर व्यापाऱ्याच्या नावानं विकला जाऊ लागला. घाम आपला, कर्ज आपलं, नाव मात्र परक्याचं. ज्याचं नाव पिशवीवर असतं, गिऱ्हाईक त्याला ओळखतं आणि भावही तोच ठरवतो. म्हणून नाव हवंच. पण आधी हिशेब करू.

पहिली सूचना आली आहे जिनिंग काढण्याची. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलोची एक गाठ बांधायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. जिन रोज १०० गाठींचं चालवायचं तर रोज ५०० क्विंटल कापूस हवा. आता आपल्या तीन गावांचं बघा. २०० सभासद, प्रत्येकी तीन एकर कापूस, आणि बरं साल धरून कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल. झाले ३००० क्विंटल. सहा दिवसांत जिन रिकामं! उरलेले दिवस बँकेचं व्याज तेवढं चालू राहील. गाठी करायच्याच असतील तर पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या जिनात मजुरी देऊन करून घ्या. रुई किती निघते, सरकीचा पैसा कुठं जातो, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

दुसरी सूचना मायबहिणींची आहे. ज्वारी चाळून, खडा-माती काढून, पाच-पाच किलोच्या पिशवीत भरून तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी विकायची. आम्हाला ही पटते. लहान आहे, पण हातात मावणारी आहे. पीठ आत्ताच नको. ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं, दाणा टिकतो.

यात भांडवल किती लागेल? २०० सभासदांनी हजार-हजार रुपये भरले तर दोन लाख होतात. २०२५-२६ च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये होता. त्या भावानं दोन लाखांत ५४ क्विंटल ज्वारी येते, आणि चाळणीच्या यंत्राला एक पैसाही उरत नाही. मग धंदा कसा चालायचा? कायद्यात यावर वाट आहे. सभासदानं माल घालताना संचालक मंडळ ठरवील तेवढी रक्कम आधी द्यायची, बाकीची माल विकल्यावर द्यायची. म्हणजे काही महिने आपण आपल्याच कंपनीला उधार द्यायचं. आडत्याला आपण वर्षानुवर्षं उधार देत आलो, तेव्हा कधी भांडलो नाही. इथं मात्र दर महिन्याला हिशेब मागायचा आणि न चुकता मागायचा.

आता कायदा. उत्पादक कंपनीची तरतूद २००३ साली जुन्या कंपनी कायद्यात आली, आणि २०२० च्या दुरुस्तीनं ती २०१३ च्या कायद्यात बसवली गेली. किमान दहा उत्पादकांनी मिळून अशी कंपनी काढता येते. संचालक पाचपेक्षा कमी नाहीत, पंधरापेक्षा जास्त नाहीत. ज्याचे शंभर शेअर त्यालाही एक मत, ज्याचा एक शेअर त्यालाही एकच. कंपनीच्या धंद्याशी ज्याचा धंदा आडवा जातो, त्याला सभासद होता येत नाही. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं तर सभासदांच्या सभेची मान्यता लागते. ही कलमं पाठ करा. सहकारी संस्थांमध्ये आपण काय काय पाहिलं आहे ते इथं पुन्हा सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. कायद्यात उत्पादक म्हणजे शेतमालाच्या कामात असणारी व्यक्ती. तिथं सात-बाऱ्याची अट लिहिलेली नाही. ज्या बाईनं ज्वारी खुरपली, कापली, पाखडली ती उत्पादकच आहे. आपल्या नियमावलीत सात-बाऱ्याची अट घालून तिला दाराबाहेर उभी करू नका. पिशवीतला दाणा निवडणार ती, आणि सहीला मात्र नवरा, हे चालायचं नाही.

दुसरी बाजूही ऐकून ठेवा. कंपनी काढणं सोपं आहे, सांभाळणं अवघड. दर तीन महिन्यांत संचालकांची बैठक झाली पाहिजे, दरवर्षी हिशेब तपासून सरकारकडे गेला पाहिजे. वार्षिक हिशेब आणि वार्षिक विवरण असे दोन अर्ज असतात. उशीर झाला की प्रत्येक अर्जामागे रोज १०० रुपये जादा शुल्क. दोन अर्ज वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये! धंदा बंद पडला तरी हे मीटर बंद पडत नाही. अनुदानाच्या आशेनं काढलेल्या कंपन्या याच खड्ड्यात जातात. तेव्हा अनुदान मिळालं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर कंपनी काढू नका.

आता बारसं करू. नावाच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' हे शब्द कायद्यानं लावावेच लागतात. नोंदलेल्या कंपनीसारखं किंवा दुसऱ्याच्या ट्रेडमार्कसारखं नाव मिळत नाही. अर्जात एका वेळी दोन नावं देता येतात, आणि मंजूर झालेलं नाव नव्या कंपनीसाठी २० दिवस राखून ठेवतात. म्हणजे कागद आधी तयार हवेत.

आणि कंपनीचं नाव वेगळं, पिशवीवरचं नाव वेगळं. कंपनी नोंदली म्हणून पिशवीवरचं नाव आपलं होत नाही. त्यासाठी ट्रेडमार्कचा वेगळा अर्ज लागतो. ती नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. नुसतं 'शुद्ध ज्वारी' किंवा नुसतं गावाचं नाव घेऊन गेलात तर नोंदणी मिळणं कठीण, कारण ते शब्द सगळ्यांचे आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. भाव चांगला येतो म्हणून ते नाव आपल्या पिशवीवर छापलं तर ती चोरी होईल. आपलं नाव दुसऱ्यानं पुसलं म्हणून आपण ओरडतो, मग दुसऱ्याचं आपण कसं घ्यायचं?

पुढाऱ्याचं नाव नको. तो पक्ष बदलेल, पिशव्या छापलेल्या राहतील. एका गावाचं नाव नको, उरलेली दोन गावं पाहुणी होतील. म्हातारीला उच्चारता येईल आणि शहरातल्या दुकानदाराच्या लक्षात राहील, असं साधं नाव घ्या.

सरकारची नजरही नावावरच आहे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत नावाच्या पिशवीतल्या धान्यावर ५ टक्के कर बसला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या कुठल्याही छापील बंद पिशवीवर तो लागला. सुट्टं धान्य विकलं तर कर नाही, आणि शेतकऱ्यानं आपलं नाव छापलं की कर! हा कर हिशेबात धरा, आणि त्याविरुद्ध बोलायचंही सोडू नका.

शेवटचं सांगतो. नाव कागदावर नोंदलं जातं, पण टिकतं दाण्यावर. एका सभासदानं पावसात काळी पडलेली ज्वारी चौदा जणांच्या पांढऱ्या ज्वारीत घातली, की ते नाव तिथंच मेलं. मग ते घालणारा संचालकाचा भाऊ असो की आमचा, पोतं परत गेलं पाहिजे. नाहीतर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

म्हणून आमचा ठराव असा आहे. सतरा चिठ्ठ्या आज बाजूला ठेवा. प्रत्येक गावानं घरोघर जाऊन किती ज्वारी घालणार, किती रुपये भरणार आणि किती महिने थांबणार, हे सहीनिशी लिहून आणावं. परतीचं पोतं कोण ठरवणार, त्या तीन बायांची नावंही आणावीत. पुढच्या बैठकीत तो आकडा वाचू. आकडा जमला तर त्याच बैठकीत नाव ठेवू आणि घुगऱ्या वाटू. नाही जमला तर पाटी रंगवायचा खर्च तरी वाचेल.