लेथ घेण्याआधी लाटणं मोजा

मी सावंतवाडी तालुक्यातल्या एका बचत गटातून बोलतेय. आमचा बारा जणींचा गट. दोन वर्षांपूर्वी आम्ही लाकूड कातायची छोटी लेथ घेतली. तेव्हापासून आजूबाजूच्या गटांतल्या बाया विचारतात, 'आम्हीही घेऊ का? कोणती घेऊ?' म्हणून आज तेच सांगते. जे जमलं ते सांगते आणि जे चुकलं तेही सांगते.

सावंतवाडीची चितार आळी तुम्हाला माहीत असेल. लाकडी फळं, भाज्या, भातुकली यांची दुकानं तिथं आहेत. पूर्वी असं गोल काम हाताच्या लेथीवर व्हायचं. एकानं दोरी मागे-पुढे ओढून लाकूड फिरवायचं, दुसऱ्यानं हत्यार धरून कातायचं. माझ्या सासूबाईंनी मामंजींसाठी कितीतरी वर्षं ती दोरी ओढली. हत्यार मात्र त्यांच्या हातात कधी आलं नाही. आता दोरीचं काम मोटार करते. त्यामुळे हत्यार आपण धरायचं आहे, हे पहिल्यांदा मनात पक्कं करा.

आता खरेदीकडे येऊ. दुकानात जाण्याआधी गटाची बैठक घ्या आणि एकच प्रश्न ठरवा. आपण बनवणार काय? आम्ही लाटणं, भोवरा आणि कुंकवाचा करंडा अशा तीन वस्तू ठरवल्या. मग घरातलं लाटणं मोजलं. ते चौदा इंच भरलं. लेथीची दोन मापं महत्त्वाची असतात. एक, दोन टोकांच्या मध्ये किती लांब लाकूड बसतं. दुसरं, जास्तीत जास्त किती रुंद लाकूड फिरू शकतं. चौदा इंचांच्या लाटण्याला मूळ लाकूड सोळा इंच तरी घ्यावं लागतं, म्हणून आम्हाला अठरा इंच लांबी पुरली. पोळपाट करायचा असेल तर रुंदी मोजा. दहा इंची पोळपाट दहा इंची लेथीवर जेमतेम बसतो, थोडी जागा जास्तच हवी. दुकानदार दाखवेल ते यंत्र घेऊ नका, आपल्या वस्तूला पुरेल ते घ्या.

दुकानात काय बघायचं? पहिलं, वजन. बिडाची जड लेथ थरथरत नाही. पातळ पत्र्याची लेथ स्वस्त पडते, पण लाकूड फिरायला लागलं की नाचते, आणि नाचत्या लाकडावर हत्यार टिकत नाही. दुसरं, दोन्ही टोकं जवळ आणून बघा. डावीकडचं टोक आणि उजवीकडचं टोक अगदी समोरासमोर भेटायला हवं. सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना बघतो तसं बारकाईनं बघा. तिसरं, यंत्र रिकामं चालवून कान द्या. घरघर किंवा खडखड नको. चौथं, वेग कसा बदलतो ते विचारा. कमी वेग मिळतच नसेल तर ते यंत्र नको. पाचवं, मोटार घरातल्या सिंगल फेज विजेवर चालणारी हवी. आमची अर्ध्या एचपीची आहे, लाटण्याला ती पुरते. बिल पक्कं घ्या आणि पट्टा, बेअरिंग कुठे मिळतील ते त्याच वेळी लिहून घ्या.

आणि बायांनो, इथं आमची पहिली चूक झाली. गटातले सगळे पैसे आम्ही यंत्राला घातले. घरी आणल्यावर कळलं की हत्यारं वेगळी, धार लावायचा ग्राइंडर वेगळा, चेहरा झाकायचा पारदर्शक मुखवटा वेगळा, वायरिंग वेगळं. दीड महिना यंत्र पोत्याखाली झाकून पडलं आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू झाला. एक वहिनी म्हणाली, 'ह्या आमका जमतला काय गो?' तिचा प्रश्न बरोबर होता. म्हणून सांगते, हातात जेवढे पैसे असतील त्यांतला निदान तिसरा हिस्सा या बाकीच्या सामानासाठी आधी बाजूला काढा. उरलेल्यात यंत्र बघा.

हत्यारं सुरुवातीला तीन पुरतात. लाकूड गोल करायला गोल पटाशी, गुळगुळीत करायला तिरकी पटाशी आणि तुकडा कापून वेगळा करायला अरुंद पटाशी. सुताराची नेहमीची पटाशी लेथीवर वापरू नका. तिचा दांडा आखूड असतो, हाताला पकड मिळत नाही. आणि धार सतत लावावी लागते. माझ्या सासूबाई ओट्यावर बसून नुसता आवाज ऐकतात आणि आतून ओरडतात, 'हत्यार बोथट झाला गो!' त्या कधी चुकत नाहीत. धार असली की लांब साल निघते आणि आवाज मऊ येतो. धार गेली की भुसा उडतो, आवाज कर्कश होतो आणि आपण जोर लावायला लागतो. जोर लावायची वेळ आली की थांबा, धार लावा.

आता यंत्र बसवायचं. जागा कोरडी हवी, उजेड हवा. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला गंज चढतो, म्हणून संध्याकाळी लोखंडावर तेलाचं फडकं फिरवायचं. टेबल जड लाकडाचं करा, पाणसळ लावून सारखं करा आणि लेथ त्याला बोल्टनं घट्ट आवळा. उंची किती? उभ्यानं काम करताना लाकूड फिरतं ती मधली रेषा आपल्या कोपराच्या उंचीला यायला हवी. आमचं टेबल सुतारानं स्वतःच्या मापानं केलं होतं. आठवड्यात सगळ्यांचे खांदे दुखायला लागले. शेवटी ठेंगण्या बायांसाठी पायाखाली रुंद, न हलणारी फळी केली. साधी गोष्ट, पण तिच्यावाचून काम होत नव्हतं.

विजेचं काम जाणत्या वायरमनकडून करून घ्या. अर्थिंग हवंच. गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. आणि एक खेड्यातली गोष्ट. वीज गेली की लगेच यंत्राचं बटण बंद करा. नाहीतर वीज परत येते तेव्हा यंत्र आपोआप फिरायला लागतं आणि तेव्हा कुणाचा तरी हात तिथं असतो. वीज गेल्यावर स्वतःहून बंद पडणारा स्विच मिळतो. तो असेल तर उत्तमच.

आता जे सांगायला जड जातं ते सांगते. तिसऱ्या आठवड्यात आमची एक तरुण मुलगी लाटण्याला पॉलिश पेपर लावत होती. ओढणी कमरेला खोचलेली होती. ती सुटली आणि फिरत्या लाकडात गेली. क्षणात तिची मान खाली ओढली गेली. आमचा स्विच यंत्राच्या मागे भिंतीवर होता, तिचा हात पोचेना. नशिबानं काकी दारातच होत्या, त्यांनी मेन स्विच पाडला. मानेवर वळ उठला, तो आठ दिवस होता. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही, पण पंधरा दिवस काम बंद राहिलं. घरोघरी म्हणू लागले, 'बायकांचं काम नाही ते, विकून टाका.' आम्ही बसून विचार केला. चूक बाई असण्याची नव्हती. चूक कपड्याची आणि स्विचच्या जागेची होती. दोन्ही बदलता येत होतं.

तेव्हापासून आमचे नियम भिंतीवर लिहिलेले आहेत. ओढणी आणि पदर लेथीजवळ नाही. अंगाबरोबर बसणारा कुडता आणि वर मागून बांधायचा एप्रन. केस बांधून टोपीत. बांगड्या आणि मंगळसूत्र काढून डब्यात. कुणाला मंगळसूत्र काढायचं नसेल तर तिनं दुसरं काम करावं, त्यात कमीपणा नाही. हातमोजे घालायचे नाहीत, तेही लाकडाबरोबर ओढले जातात. तोंडावर मुखवटा, नाकाला मास्क. शिसवीची धूळ काहींना फार बाधते. स्विच उभ्या जागेवरून डाव्या हाताला मिळेल असा. आणि खोलीत नेहमी दोघी. एकटीनं लेथ चालवायची नाही.

चालू करण्याआधी काय करायचं तेही ऐका. लाकूड घट्ट बसवा. हत्यार टेकवायची पट्टी लाकडाच्या जवळ आणा, बोटभर फट नको. मग लाकूड हातानं एक फेरा पूर्ण फिरवून बघा, कुठे अडकत नाही ना. मग बाजूला उभं राहून बटण दाबा, समोर नाही. ओबडधोबड लाकूड मंद वेगावर, गोल झाल्यावर वेग वाढवायचा. दोन इंच जाडीच्या लाटण्याला आम्ही मिनिटाला आठशे फेऱ्यांपासून सुरुवात करतो. पोळपाटाएवढी रुंद चकती पाचशेच्या वर नेत नाही. हत्यार आधी पट्टीवर टेकवायचं, मग लाकडाला लावायचं. पट्टी सरकवायची असेल तर यंत्र थांबवून. पॉलिश पेपर लावताना पट्टी काढूनच टाकायची.

लाकूड वखारीतून तुकडे घ्या, स्वस्त मिळतात. आंबा शिकायला बरा. चिरलेलं, गाठीचं लाकूड लेथीवर लावू नका, फुटून अंगावर येतं. ओलं असेल तर दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत ठेवा, म्हणजे तडकत नाही. लाटण्याला रंग नको, नुसतं खाण्याचं तेल चोळा. करंड्याला लाख. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून बसते.

मुलांची खेळणी विकायची असतील तर एक कायदा माहीत असू द्या. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. हस्तकला विभागाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून भोवरे विकण्याआधी कारागीर म्हणून नोंद करा.

पैशांसाठी पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती घ्या. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली. तिच्यातल्या अठरा कामांत सुतार आणि खेळणी बनवणारे आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं पहिलं एक लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. पण ती गटाला नाही, एकेका कारागिराला आहे आणि एका घरातून एकालाच. अर्ज करायचा असेल तर सध्याची स्थिती ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

पहिली पन्नास लाटणी विकायला नाहीत असं धरून चाला. आमची अर्धी चुलीत गेली. एकावन्नावं आठवडी बाजारात विकलं गेलं, ते त्याच मुलीनं कातलेलं होतं, जिची ओढणी अडकली होती. आता गटात ती सगळ्यांना शिकवते आणि कुणी एप्रनची गाठ सैल बांधली तर बटणाला हात लावू देत नाही.

तर मैत्रिणींनो, आज रात्री पोळ्या झाल्या की आपलं लाटणं टेपनं मोजा आणि ते माप वहीत लिहा. पुढच्या बैठकीत तिथूनच बोलणं सुरू करा. नमस्कार.