संगणकाचा पडदा आणि निर्लेखनाची घाई

(परतूर येथे तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाची संहिता)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पीकपाणी, पाणलोट, पटसंख्या हे आपले नित्याचे विषय. त्यांत संगणकाच्या पडद्यावरील ठिपके आणि मुलांचे खेळ कोठून आले? पण हा विषय मला एका कागदाने दिला. या तालुक्यातील एका शाळेत मागील पावसाळ्यात माझे जाणे झाले. खोलीच्या कोपऱ्यात तीन संगणक चादरीखाली झाकून ठेवलेले होते आणि प्रत्येकावर ‘स्क्रीन खराब’ अशी चिठ्ठी डकविलेली होती. मुख्याध्यापकांनी निर्लेखनाचा प्रस्ताव लिहून तयार ठेवला होता. केवळ सही व्हावयाची होती. आठ महिने त्या शाळेतील मुलांनी संगणकाला हात लावलेला नव्हता.

प्रस्तावाचा कागद माझ्या हातात असतानाच सातवीतील एक मुलगी म्हणाली, “साहेब, तो बिघडला नाही. गणिताचा खेळ मधीच बंद पडला अन् सगळं मोठं मोठं दिसायला लागलं.” तिचे निदान अचूक होते. त्या तीन संगणकांपैकी एक पाच मिनिटांत पूर्ववत झाला, दुसरा केबल बदलल्यावर चालू लागला. तिसऱ्याचा पडदा मात्र खरोखरच गेलेला होता आणि त्याचे निर्लेखन योग्यच झाले. तीनपैकी दोन! हे प्रमाण सर्वत्र असेल असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रस्तावावर सही करण्यापूर्वी काय पाहावे, एवढे तरी आपणां सर्वांना ठाऊक असावे या हेतूने मी उभा आहे. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा मला जे समजले ते आपणांस समजण्यास अडचण पडू नये.

हा प्रश्न यापुढे अधिक वेळा समोर येईल, त्याचे कारणही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार तिच्या उत्पादकांनी थांबविला. त्यापुढची विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. अशा वेळी चालू स्थितीतील जुने संगणक मोडीत काढावयाचे, की त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावयाची, असा निर्णय प्रत्येक शाळेस घ्यावा लागणार आहे. लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. त्यावर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने २००७ मध्ये प्रसृत केली; तिची शाळांसाठी ‘एज्युबॉस’ अशी वेगळी आवृत्तीही आहे. केरळ राज्याने तर आपल्या शाळांचा संगणकव्यवहार उबंटू लिनक्सवर आधारलेल्या स्वतःच्या आवृत्तीवर चालविला आहे. म्हणजे ही वाट अनोळखी नाही. या वाटेवर पहिली ठेच बहुधा पडद्याचीच लागते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. आजचा सपाट पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी होय. एखाद्या पडद्यावर आडव्या ओळीत १३६६ आणि उभ्या ओळीत ७६८ ठिपके असतात. कारखान्यात घडविलेली ही संख्या पुढे बदलत नाही. संगणकाने तेवढ्याच ठिपक्यांचे चित्र पाठविले तर ते रेखीव दिसते. यालाच रिझोल्यूशन बरोबर असणे असे म्हणतात. संगणकाने त्याऐवजी १०२४ गुणिले ७६८ चे चित्र पाठविले, तर पडदा ते ओढूनताणून आपल्या अंगावर बसवितो. उंची तीच राहते, रुंदी मात्र सुमारे एकतृतीयांशाने वाढते. भूमितीच्या तासाला काढलेले वर्तुळ आडवे फुगून लंबवर्तुळ होते आणि गुरुजी म्हणतात, पडदा खराब.

याहून गंभीर हानी आपल्या लिपीची होते. इंग्रजी अक्षर थोडे पुसट झाले तरी वाचता येते. देवनागरीत अनुस्वार हा एका-दोन ठिपक्यांचा मामला असतो. ताणलेल्या चित्रात तो शिरोरेषेत विरघळून जातो. रफार, रुकार, जोडाक्षरातील अर्धा वर्ण यांचीही तीच गत होते. पडद्यावर नावे तपासून दाखले देणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘काबळे’ आणि ‘कांबळे’ यांतील भेद दिसला नाही, तर त्याचा मनस्ताप कोणाच्या वाट्याला येतो हे पंचायत सदस्यांना मी सांगावयास नको.

मग संगणक चुकीची संख्या पाठवितो तरी का? याचे उत्तर मला स्वतःला फार मनोरंजक वाटले. केबल जोडताच पडदा संगणकाला आपली ओळख सांगतो: मी अमुक बनावटीचा, माझे ठिपके इतके, माझा वेग इतका. ही ओळखचिठ्ठी मूळ स्वरूपात अवघ्या १२८ बाइटांची असते आणि १९९४ पासून तिचा प्रमाणित नमुना ठरलेला आहे. आपल्याकडील जुन्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलमध्ये पंधरा पिनांची जागा असते. लाल, हिरवा आणि निळा हे रंग पहिल्या तीन पिनांतून जातात. चित्राची लय राखणारे संकेत तेराव्या व चौदाव्या पिनेतून जातात. ओळखचिठ्ठी मात्र बाराव्या व पंधराव्या पिनेतून येते. या दोहोंपैकी एक पिन वाकली वा तुटली, तर रंग येतात, चित्र येते, पण ओळख पटत नाही. संगणक बिचारा अंदाजाने १०२४ गुणिले ७६८ किंवा त्याहूनही लहान असे बेताचे माप धरून चालतो. एका संगणकाचे चित्र अनेक पडद्यांवर वाटणाऱ्या स्वस्त पेट्या आणि अतिशय लांब केबली याही पुष्कळदा ही चिठ्ठी वाटेतच गाळतात.

१ मे १९८१ रोजी आपला परतूर तालुका परभणीतून नव्या जालना जिल्ह्यात आला. त्यानंतरही कोणी पाकिटावर जिल्हा परभणी लिहिले असते, तर दोष परतूरचा नव्हता, पत्र लिहिणाऱ्याला बदल कळला नव्हता एवढेच. पडद्याच्या बाबतीतही दोष बहुधा असाच निरोपाचा असतो. म्हणून पहिली परीक्षा अगदी साधी आहे. दुसऱ्या, चालू संगणकाची केबल काढून येथे लावून पाहावी. पिना मोजताना मात्र एक सावधगिरी बाळगावी: अनेक व्हीजीए केबलींत नववी पिन मुळातच नसते, तिला तुटलेली समजू नये.

केबल ठीक असूनही पडदा मोठा-मोठाच दिसत असेल, तर प्रणाली कशी बसविली हे विचारावे. लिनक्स बसविताना पडदा काळा राहिला की बसविणारा तंत्रज्ञ ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय निवडतो. काम त्या क्षणापुरते भागते. पण ‘नोमोडसेट’ नावाची सूचना पुष्कळदा प्रणालीत कायमची राहून जाते आणि चित्र काढणाऱ्या चिपला आपले पूर्ण काम करूच देत नाही. मग रिझोल्यूशनच्या यादीत एकच आकडा दिसतो आणि खेळ गोगलगायीच्या गतीने चालतात. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव दिसले, तर चित्राचा सारा भार मुख्य प्रोसेसर वाहतो आहे असे समजावे आणि तंत्रज्ञास ती सूचना काढून टाकावयास सांगावे. तात्पुरता टेकू खांब म्हणून ठेवून जाण्याची सवय केवळ बांधकामातच आहे असे नव्हे.

आता मुलांच्या खेळांविषयी. खेळ हा शब्द ऐकून कोणी भुवया उंचावू नयेत. ‘जीकॉम्प्री’ हा शैक्षणिक खेळांचा संच फ्रान्समधील ब्रूनो कुदँ यांनी २००० साली सुरू केला. फ्रेंच भाषेत या नावाचा उच्चार ‘मला समजले’ या वाक्यासारखा होतो. ‘टक्स पेंट’ ही चित्रकलेची आज्ञावली २००२ पासून आहे. लिनक्स वापरणाऱ्या शाळांतून हे खेळ अभ्यासाचाच भाग असतात. अडचण अशी की, यांच्या जुन्या आवृत्त्या त्या काळच्या लहान पडद्यांसाठी चितारलेल्या होत्या. जुन्या जीकॉम्प्रीचे चित्रफलक ८०० गुणिले ५२० एवढे होते. असे काही जुने खेळ सुरू होताना संपूर्ण पडद्याचेच माप ८०० गुणिले ६०० किंवा ६४० गुणिले ४८० असे बदलतात आणि बंद होताना ते पूर्ववत करतात. खेळ मध्येच बंद पडला, म्हणजे हे शेवटचे काम राहून जाते. त्या मुलीने सांगितलेले ‘सगळं मोठं मोठं’ ते हेच.

याच्या उलट प्रकार आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेच्या निमित्ताने समजून घेण्यासारखा आहे. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमातील हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये त्या छोट्या शाळेत आले. भारतातील अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी तो एक होता. ते लॅपटॉप लिनक्सवरच चालत. त्यांचा पडदा साडेसात इंचांचा, पण ठिपके १२०० गुणिले ९००, म्हणजे एका इंचात दोनशे. उन्हातही अक्षर वाचता यावे अशी ती रचना होती आणि वाचनासाठी ती उत्तम होती. पण ६४० ठिपके रुंदीचा खेळ मूळ मापात अशा पडद्यावर मांडला, तर तो सव्वातीन इंचांतच आटोपतो! पहिलीच्या मुलाच्या बोटाला त्यातील बटण सापडावे कसे? म्हणून अशा यंत्रांसाठी खेळ त्यांचे माप ध्यानी घेऊन लिहावे लागतात. एकच खेळ एका पडद्यावर राक्षस होतो आणि दुसऱ्यावर मुंगी. २०१४ पासून नव्याने लिहिला गेलेला जीकॉम्प्री कोणत्याही मापाच्या पडद्यावर आपोआप जुळवून घेतो. तेव्हा जुन्याशी झगडण्यापेक्षा नवी आवृत्ती बसविणे हा उपाय मला अधिक पसंत आहे. टक्स पेंटलाही पडद्याचे मूळ माप न बदलता पूर्ण पडदा व्यापण्यास सांगता येते.

खेळ मध्येच बंद पडून पडदा बिघडला तर काय करावे? प्रथम बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा, म्हणजे लॉग-आउट करून लॉग-इन. पुष्कळदा एवढ्यावर भागते. न भागल्यास सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ उघडून मूळ माप निवडावे. खिडकी इतकी मोठी दिसते की ‘अप्लाय’चे बटण पडद्याबाहेर जाते, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. अशा वेळी आल्ट ही कळ दाबून खिडकी माऊसने वर ओढावी. काही मांडण्यांत आल्टऐवजी विंडोजच्या चिन्हाची कळ लागते.

तिसरा मार्ग लेखी आज्ञेचा. कंट्रोल, आल्ट व टी या कळा एकदम दाबल्या की टर्मिनल उघडते. त्यात इंग्रजी लहान अक्षरांत एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा अक्षरे सलग लिहून एंटर दाबावे. पडद्याला जमणाऱ्या मापांची यादी येते. ज्या मापाच्या ओळीत तारा आहे ते सध्याचे. अधिकचे चिन्ह आहे ते पडद्याने स्वतः सुचविलेले. तारा आणि अधिक एकाच ओळीत असले म्हणजे सर्व क्षेम आहे. नसल्यास तीच सहा अक्षरे लिहून, जागा सोडून उणे-चिन्ह व त्याला लागून एस, पुन्हा जागा सोडून शून्य, असे लिहावे. यादीतील पहिले माप लागू होते आणि ते बहुधा मूळचेच असते. यादीत अधिकचे चिन्ह कोठेच नसेल, तर ओळखचिठ्ठी आलेलीच नाही. पुन्हा केबलकडे वळावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही आज्ञा ‘एक्स’ या जुन्या चित्रप्रणालीची आहे, जिचा जन्म १९८४ सालचा. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून ‘वेलँड’ ही नवी प्रणाली सर्वसाधारणपणे पुढे केली आहे. तेथे या आज्ञेने यादी दिसते, परंतु माप बदलत नाही. तेथे सेटिंग्जचाच मार्ग धरावा. आपल्या संगणकावर कोणती प्रणाली आहे ते ‘अबाउट’च्या त्याच पानावर लिहिलेले असते.

डिजिटल वर्गासाठी अनेक गावांनी टीव्ही दिले आहेत. टीव्हीवर संगणकाचे चित्र चारही बाजूंनी कापलेले दिसते, वरची पट्टी अर्धी गायब होते. हा लिनक्सचा दोष नव्हे. जुन्या प्रक्षेपणाच्या काळापासून टीव्ही चित्राच्या कडा छाटून दाखवितो. टीव्हीच्या रिमोटवरून चित्राच्या मापाच्या यादीत जाऊन ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम नावाचा पर्याय निवडला की कडा परत येतात. प्रोजेक्टरचे म्हणाल तर, दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवले की दोघांना जमेल असे लहान माप निवडले जाते आणि लॅपटॉपही अंधुक दिसू लागतो. तास संपल्यावर केबल काढा, तो बरा होतो.

अधिकारीवर्गास एक विनंती आहे. जडवस्तू नोंदवहीत मॉनिटरचा अनुक्रमांक आपण लिहितोच. त्याच ओळीत त्याची मूळ ठिपकेसंख्या लिहून ठेवण्यास अर्धा मिनिट लागतो. आणि निर्लेखनाच्या प्रस्तावात ‘स्क्रीन खराब’ एवढेच शब्द न स्वीकारता, दुसरी केबल लावून पाहिली काय आणि हाच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिला काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मागावीत.

शेजारच्या खोलीत दोन संगणक मांडून ठेवले आहेत. एकाचे माप मी मुद्दाम बिघडविले आहे, दुसऱ्याला बारावी पिन तुटलेली केबल लावली आहे. कोणाला काय झाले आहे हे मी सांगणार नाही. चहा येईपर्यंत आपण तिकडे जाऊ या.