आई व्हायचं की नाही, ते तिनं ठरवायचं

एचआयव्ही असलेली बाई गरोदर राहिली की घरचे, शेजारचे सगळेच तिला सल्ले देतात. पण निर्णय तिचा आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, नीट समजावून घेतलेल्या संमतीशिवाय तिचा गर्भपात किंवा नसबंदी करता येत नाही. सासू किंवा नवऱ्यानं होकार दिला, तरीही नाही.

आणि बाळाचं काय? उपचारच नसले, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईनं वेळेवर औषधं घेतली, बाळालाही दिली, तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, ही औषधं मोफत मिळतात. आणि जोडीदाराचं म्हणाल, तर नियमित औषधांनी तिच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही गोष्ट दोघांनाही डॉक्टरांनी स्वतःहून सांगायला हवी.