बॉनेटखाली एक, बुकात दुसरं

(समुदाय रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

 

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला मी आमच्या जुन्या जीपमधून आले. थोरली लेक गाडी चालवत होती. सगळ्याजणी ओट्यावरून खाली उतरल्या. कुणी म्हणालं, "ही तर गोठ्यात कोंबड्या बसायच्या तीच!" कुणी म्हणालं, "किती घातले हिच्यात?" तेव्हा मी म्हटलं, पैशाचं सांगते, पण त्याआधी कागदाचं सांगू द्या. तेच आज सांगणार आहे. विषय गाडीचा असला तरी रेडिओ बंद करू नका. ट्रॅक्टर, मोटारसायकल, पिकअप, तुमच्या दारात जे काही उभं असेल त्याला हे लागू आहे.

आमची जीप 1969 सालची. मामंजींनी ती जुनीच विकत घेतली होती. त्या जीपची मूळ कंपनी अमेरिकेची, विलिज नावाची. आपल्याकडं महिंद्रांनी मुंबईत ती जोडायला आणि पुढं बनवायला सुरुवात केली. या जीपचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसतं. का, माहीत आहे? कंपनीनं नवं इंजिन काढलं ते आधीच्यापेक्षा उंच होतं. जुन्या पत्र्याखाली ते मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. म्हणजे जुन्या गाडीत नवं इंजिन घालण्याची हौस काही आपल्या पोरांनीच काढलेली नाही, खुद्द कंपनीनं ती केली आहे. अमेरिकेत तर 1960-70 च्या काळातल्या ताकदवान मोटारी लोक अजून जपतात, वरचा पत्रा जुना ठेवतात आणि आत आजचं इंजिन बसवतात. त्यांचा तो छंद आहे. आमच्याकडं मात्र गरज होती.

मूळ इंजिन पेट्रोलचं, चार सिलिंडरचं, 2.2 लिटरचं. ओढायला चांगलं, पण पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. लिटरला सात-आठ किलोमीटरच्या वर गेल्याचं मला आठवत नाही. शेवटी ते धूर टाकायला लागलं, तेल खायला लागलं. 2010 साली आमच्या मालकांनी ठरवलं, आता डिझेल घालायचं. तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं अपघातात मोडलेल्या बोलेरोचं इंजिन आणलं. अडीच लिटरचं, त्या काळच्या मानानं नवं.

इंजिन बदलणं म्हणजे चुलीवरचं पातेलं बदलणं नव्हे. एक भाग बदलला की दहा भाग बदलावे लागतात. मी रोज चहा घेऊन जायचे, त्यामुळं सगळं डोळ्यांनी पाहिलंय. इंजिन ज्या पायांवर बसतं ते पाय चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, नव्यानं वेल्डिंग करावे लागले. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळेनात, म्हणून मधे लोखंडी प्लेट करून घातली. इंजिनाची चाल गिअरबॉक्सकडं देणारी क्लचप्लेट वेगळी लागली. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट कापून पुन्हा जोडला. रेडिएटर मोठा बसवला. पेट्रोलच्या गाडीला टाकीकडून एकच नळी असते, डिझेलला उरलेलं तेल परत टाकीत आणणारी दुसरी नळी लागते, तीही ओढली.

एवढं सगळं केलं, पण ब्रेक तेच राहिले. डिझेलचं इंजिन वजनाला जड. गाडीचं नाक खाली गेलं, पुढचे पाटे दबले. ओढ वाढली तसं लोक पोतीही जास्त टाकायला लागले. दोन वर्षांनी घाट उतरताना ब्रेक तापून लागेनासे झाले. मालकांनी गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. देवाची कृपा, कुणाला लागलं नाही. मग पुढचे पाटे आणि ब्रेकचं काम केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा: गाडीची ताकद वाढवायची असेल तर आधी तिला थांबवण्याची सोय वाढवायची. गॅरेजवाला इंजिनाची किंमत सांगतो, ब्रेकची सांगत नाही. आपण विचारायची.

आता मुद्द्यावर येते. या सगळ्यात एक काम राहून गेलं. आरटीओत कळवायचं. गॅरेजवाला म्हणाला, "कुणी बघत नाही." गाडी शिवारात आणि पंचक्रोशीतच फिरायची. खासगी गाडी पंधरा वर्षांनी, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पास करून घ्यावी लागते. आमची 2014 पर्यंत पास होती. नंतर तेही राहूनच गेलं.

दोन वर्षांपूर्वी आमचे मालक गेले. तेराव्यानंतर दीर म्हणाले, "वहिनी, जीप भंगारात देऊन टाका." धाकटा मुलगा म्हणाला, "आई, आणखी नवं इंजिन घालू, मोबाइलवर दाखवतात तसं." लेक म्हणाली, "आधी गाडी तुझ्या नावावर कर." तिचं ऐकलं. 

मालक गेले की गाडी आपोआप बायकोच्या नावावर होत नाही. वारसानं तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून नावावर करायला अर्ज द्यायचा, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विमा, बाकीच्या वारसांची संमती हे सगळं लागतं. दुःखात तीस दिवस कुठं गेले मला कळलं नाही. मी उशिराच गेले. तुम्ही जाऊ नका.

गाडी तपासायला निरीक्षक होत्या, बाईच होत्या. त्यांनी चेसिस नंबर पाहिला, बरोबर आला. मग बॉनेट उघडायला सांगितलं. इंजिनावरचा नंबर बुकातल्या नंबराशी ताडून पाहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, बुकात पेट्रोल आहे, बॉनेटखाली डिझेल. हे इंजिन कुणाचं?"

मैत्रिणींनो, माझ्याकडं उत्तर नव्हतं. इंजिन कुठून आलं, त्याचं बिल कुठं, मालकांनाच माहीत. त्यांच्या डायरीत नुसती रक्कम लिहिलेली. चोरीच्या गाडीचं इंजिन असतं तर? आणि घाटात त्या दिवशी कुणाला धक्का लागला असता तर? बुकातली गाडी एक आणि रस्त्यावरची दुसरी म्हटल्यावर विमा कंपनीनं हात वर केले असते. भरपाई आमच्या सव्वादोन एकरावर आली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं मी त्या जीपमध्ये पोरांना मांडीवर घेऊन बसत होते.

कायदा काय सांगतो, तो मी तेव्हा समजून घेतला. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे. कंपनीनं गाडी जशी दिली आणि बुकात जशी नोंद आहे, त्यापेक्षा वेगळी करायची नाही. इंजिन बदलायचं तर आधी नोंदणी अधिकाऱ्यांची मंजुरी घ्यायची. बदल होऊन गेला असेल तर 14 दिवसांत कळवायचं. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालकाला म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला. गॅरेजवाल्याला मी दोष देईन, पण कागदावर सही माझी.

निरीक्षक बाईंनी मला रस्ते सांगितले. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी करायची तर कायद्यात वाट आहे, पण किट मंजूर हवं आणि ते आपल्याच मॉडेलसाठी मंजूर असायला हवं. दुसरं म्हणजे, पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी 2021 च्या नियमाप्रमाणं 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणीला वीस हजार फी. पण अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही, आणि इंजिन बदललेलं असेल तर ती विंटेज धरतच नाहीत. तिसरा रस्ता सांगताना त्यांनी सहज विचारलं, "मूळ इंजिन कुठं आहे?"

मूळ इंजिन आमच्या गोठ्यात होतं! 2010 साली भंगारवाला न्यायला आला, तेव्हा सासूबाई दारात आडव्या झाल्या होत्या. "ह्यांच्या हातचं आहे, जायचं नाही." आम्ही सगळे हसलो होतो. मालकांनी आईचं मन राखायला प्लगच्या भोकांतून तेल सोडून, चिंध्या कोंबून, फळ्यांवर ते ठेवून दिलं होतं. मी घरी आले, वैरण बाजूला केली, घासलेट आणि ब्रश घेऊन बसले. पाण्याच्या पंपाजवळ नंबर दिसायला लागला. लेक बुकातला एकेक आकडा मोठ्यानं वाचत होती आणि मी बोटानं चाचपत होते. शेवटचा आकडा जुळला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?"

मग ते इंजिन उघडलं. सिलिंडर झिजले होते, बोअर करून मोठे पिस्टन घातले. क्रँक घासून घेतली, व्हॉल्व्ह बसवून घेतले. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, 2000 सालापासून ते देशभर बंद झालं. व्हॉल्व्ह बसतो ती जागा शिशाशिवाय लवकर झिजते, म्हणून तिथं कडक सीट बसवली. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं फुगतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या नळ्या नव्या घातल्या. वेल्डिंगचे पाय काढले, शाफ्ट पुन्हा मापाचा केला. ब्रेक मात्र सुधारलेले होते, ते नीट तपासून घेतले.

खर्च विचारलात ना? इंजिन, नळ्या, टायर, फी आणि दंड धरून पंच्याण्णव हजार. त्यातले तीस हजार गटाचं कर्ज, अजून सात हप्ते बाकी आहेत. डिझेलचं इंजिन चांगलं चालतं होतं, पण बिल नव्हतं. बिल नसलेल्या चांगल्या इंजिनाला भंगाराचाच भाव येतो. तो घेतला. हा धडा मला सगळ्यात महाग पडला.

आणि खोटं कशाला सांगू, जीप आता पुन्हा पेट्रोल पिते. चढाला डिझेलची ओढ नाही. मुलगा अजून नाराज आहे. त्याला मी सांगितलंय, तुला नवं इंजिन हवं तर पहिला अर्ज, मग मंजुरी, मग पाना. हौसेला माझी ना नाही. पाट्या पांढऱ्या आहेत, त्यामुळं भाड्यानं माणसं किंवा माल आम्ही नेत नाही. त्याला पिवळी पाटी आणि परवाना लागतो.

आता तुमचं काम. आज संध्याकाळी दारातल्या गाडीचं बुक किंवा कार्ड मागून घ्या. "तुला काय करायचंय?" असं कुणी म्हणालं तर म्हणा, रेडिओवर सांगितलंय. चार गोष्टी बघा. नाव कुणाचं आहे. इंधन कोणतं लिहिलंय. मुदत कधी संपते. विमा चालू आहे का. मग इंजिन आणि चेसिस, दोन्हींचे नंबर गाडीवर शोधा. आकडे पुसट असतील तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, ठसा उमटतो. तो बुकाशी जुळवा. लेकीसुनांना बरोबर घ्या, म्हाताऱ्यांचे डोळे आणि पोरींची अक्षरं, दोन्ही लागतात.

गाडीत काही बदलणार असाल तर गॅरेजवाल्याला आधी तीन प्रश्न विचारा. या भागाचं बिल मिळेल का? आरटीओची परवानगी कोण काढणार? काढलेला जुना भाग मला परत देणार का? तिन्हीला "हो" म्हणाला तरच इसार द्या. आणि इंजिन आधीच बदललेलं असेल, तर लपवू नका. बिल शोधा आणि आपल्या पायांनी कार्यालयात जा. जाऊन विचारल्याचा त्रास थोडा होतो, सापडल्याचा फार.

बुकात आता माझं नाव आहे. घरावर मालकांचं, शेतावर मालकांचं आणि दिरांचं. माझ्या नावावर आयुष्यात आलेली पहिली वस्तू म्हणजे ही पंचावन्न वर्षांपेक्षा जुनी जीप. आता घर आणि शेताच्या कागदांकडंही वळले आहे, त्याचं पुन्हा कधीतरी सांगेन. शिकाऊ लायसन्सही काढलंय. गिअर बदलताना अजून खरखर होते, पण मळ्यापर्यंत माझी मी जाते.

पुढच्या बैठकीला येताना तुमच्या गाडीचं बुक पिशवीत घालून आणा. मिळून वाचू. रामराम.