गोळी घेतलीस का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या कोल्हापुरात भांडणाला सुरुवात कशी होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. 'भावा, माझं बीपी वाढवू नकोस!' रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, घरात बायको नवऱ्याला म्हणते. बीपी हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही, तो मंडईत येऊन पोचलाय. पण शब्द ओळखीचा झाला म्हणून दुखणं ओळखीचं झालं असं नाही. राग आला की चढतं आणि चहा प्यायल्यावर उतरतं, ते वेगळं. ते सगळ्यांचंच चढतं-उतरतं. मला आज बोलायचंय ते न रागावता वाढलेल्या बीपीबद्दल. माणूस भजनात असो, नमाजात असो की गाढ झोपेत, ते वाढलेलंच असतं आणि त्याचा पत्ता लागत नाही.

मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा माणूस. मला कवितेवरच बोला असं सांगितलं होतं. हा विषय मी मागून घेतला, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, उद्यमनगरात लेथवर काम करायचे. तरुणपणी तालमीत गेलेलं शरीर, मनगट असं की दोन्ही हातांनी धरावं लागे. २०१३ मध्ये त्यांच्या कारखान्यात तपासणी झाली आणि बीपी निघालं १८० वर ११०. भाईजान हसले. म्हणाले, 'मशीन बिघडलंय.' डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, दोन पिंप पाणी एका दमात भरत होते. तरी भाभीच्या धाकानं गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी तपासलं तर १३० वर ८०. झालं! भाईजाननी जाहीर केलं, 'बीपी गेलं.' आणि गोळी बंद.

इथं घोळ झाला, आणि तो घरोघरी होतो. ताप उतरला की आपण तापाची गोळी थांबवतो, तोच हिशेब इथं लावतो. पण बीपी गेलेलं नसतं, गोळीनं दाबून धरलेलं असतं. छत्री उघडली म्हणून अंग कोरडं राहिलं, तर पाऊस थांबला असं कुणी म्हणत नाही. मी त्यांना हे तेव्हा सांगितलं नाही, कारण मलाही ते माहीत नव्हतं. उलट मीच म्हणालो होतो, 'कशाला उगाच गोळ्यांची सवय लावून घेताय?'

तीन वर्षांनी, २०१६ च्या पावसाळ्यात, सकाळी सहाला नळाला पाणी आलं होतं. भाईजानच्या उजव्या हातातून बादली सुटली. वाकून उचलायला गेले ते तिथंच बसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. भाभीनं काय झालं विचारलं तर नुसता आवाज आला, शब्द नाही. गल्ली गोळा झाली. 'अंगावरून वारं गेलं' म्हणाले. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. कुणी एका गावातल्या तेल चोळणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं, त्याच्या हाताला गुण आहे म्हणून. आम्ही रिक्षा केली आणि त्या गावाला गेलो. त्या रिक्षात भाईजानना मांडीवर घेऊन मी बसलो होतो. बी.ए. झालेला, वर्तमानपत्र वाचणारा मी.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'किती वाजता झालं?' मी म्हणालो, 'सहाला.' त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला नंतर कळलं. त्याआधी स्कॅन करावा लागतो. कारण गुठळी नसून वाहिनी फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन घात करतं. म्हणजे त्या साडेचार तासांत दवाखाना गाठणं आलं, स्कॅन आला, निदान आलं. भाईजानना गुठळीच होती.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय. यातलं एक जरी दिसलं तरी तेल नको, लिंबू नको, तोंडात पाणीसुद्धा घालू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन करा. स्कॅनची सोय आहे अशाच ठिकाणी न्या.

आता हे बीपी करतं काय? शेतकरी श्रोत्यांना हे सोप्यात सांगता येईल. पंचगंगेवर उपसा पंप असतो, तिथून मैलभर पाइप गेलेला असतो. पंपाचा दाब सतत जास्त ठेवला तर पाइप पहिल्या दिवशी फुटत नाही. आधी सांधे कुरकुरतात, वॉशर जातो, मग कधीतरी कच्च्या जागी पाइप फाटतो. आणि पंपही जास्त ओढ सोसून निकामी होतो. आपलं हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देतं. वरचा आकडा हृदय आवळलं की होणाऱ्या दाबाचा, खालचा ते सैल पडल्यावर उरणाऱ्या दाबाचा. १२० वर ८० च्या आसपास उत्तम. वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढं पुन:पुन्हा गेला की आपल्याकडं त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. कच्च्या जागा चार : मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा. २००२ मध्ये जगभरातल्या अनेक पाहण्या एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. चाळीस ते सत्तर वयात वरचा आकडा वीसनं वाढला की पक्षाघातानं किंवा हृदयविकारानं मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. १४० आणि १६० मध्ये फरक वीसचाच, पण तो असा आहे.

आणि हे थोड्याथोडक्यांचं दुखणं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यांना त्यावर गोळी चालू होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की जगात तीस ते एकोणऐंशी वयातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना हे आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते माहीतच नाही. ताबा आहे तो पाचांतल्या एकाचाच.

आपल्याकडं दोष देतात तिखटाला. कोल्हापूर म्हटलं की तांबडा रस्सा, कांदा-लसूण चटणी, खर्डा. पुण्याचे पाहुणे घाम पुसत विचारतात, 'तुमचं बीपी वाढत नाही का हो?' श्रोतेहो, मिरचीची बदनामी उगाच झालीय. खरा गुन्हेगार पांढरा आहे. मीठ! दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. भाजीतलं, भाकरीच्या पिठातलं, लोणच्यातलं, पापडातलं. पापडखार आणि खायचा सोडा हेही सोडियमच, जिभेला खारट लागत नाहीत म्हणून सुटत नाहीत. मिसळीवरचं फरसाण, जयसिंगपूरचं भडंग, बेकरीची खारी, सुकट. आमच्या भाभी वर्षानुवर्षं 'मीठ बंद केलंय' म्हणून सांगायच्या आणि सैंधव घालायच्या. सैंधवही मीठच, उपवासाला चालतं म्हणून बीपीला चालत नाही. जेवताना ताटात वाढलेली मिठाची चिमूट आधी बंद करा. पंधरा दिवस जेवण आळणी लागतं, मग जीभ जुळवून घेते. माझा पांढरा रस्सा चालू आहे, महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी पापड नाही.

एक खोड तर घातक आहे. चक्कर आली की 'बीपी लो झालं' म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. मोजल्याशिवाय! चक्कर हाय बीपीच्या माणसालाही येते. त्याला मीठ पाजणं म्हणजे आगीवर रॉकेल.

तंबाखूबद्दल वेगळं सांगायला नको, निपाणी आपल्या शेजारी आहे. फक्त बायकांना सांगतो, मिश्री ही दात घासायची पूड नव्हे, तंबाखूच आहे. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून रोज खाऊ नका. त्यातल्या बऱ्याच बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात.

थोडं मागं जातो, कारण आज आपल्या खिशात काय आहे ते त्यामुळं कळेल. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये त्यांचं बीपी १८६ वर १०८ भरलं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, दारात डॉक्टरांची फौज, आणि बीपी उतरवणारं धड औषध नाही. १२ एप्रिल १९४५ ला चित्रकारासमोर बसले असताना 'डोकं भयंकर दुखतंय' म्हणाले आणि कोसळले. तेव्हा मोजलेला वरचा आकडा तीनशे. मेंदूत रक्तस्राव. त्या काळी कित्येक डॉक्टरांचं मत होतं की वाढलेला दाब शरीराला गरजेचा असतो, त्याला हात लावू नये.

हे मत मोडायला ज्यांनी मदत केली त्यातले एक आपल्या मुंबईचे. डॉ. रुस्तम जाल वकील, केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्य-हकिमांना जुनी ठाऊक होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिच्यानं बीपी उतरतं असं लिहिलं होतं. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्या मुळीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खानांच्या आठवणीत त्याचं नाव 'अजमलिन' ठेवलं. हकीमसाहेब स्वतः 'शैदा' या नावानं शायरी करत, म्हणून मला या औषधाबद्दल जरा जास्तच आपुलकी. पण जगाचं लक्ष गेलं ते डॉ. वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रुग्णांवरच्या चाचणीचा निबंध छापला तेव्हा. पुढं १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन निघालं आणि १९५७ चं अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक वकिलांना मिळालं. आता रेसरपिन मागं पडलंय, कारण त्यानं काहींना खोल उदासी यायची. म्हणून कुणी सर्पगंधेची मुळी उगाळायला जाऊ नका. आज त्याहून साध्या, स्वस्त गोळ्या आहेत.

किती स्वस्त? प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट. केंद्र सरकार, राज्य सरकारं, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ मध्ये बीपी नियंत्रणाचा उपक्रम काही जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत आपल्या बाजूचे सिंधुदुर्ग आणि सातारा त्यात होते. उपक्रमात चमत्कार काही नव्हता. ठरलेल्या तीन-चारच गोळ्या, महिन्याचा साठा एकदम हातात, आणि जो परत येत नाही त्याला फोन. मला यातला फोन सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रूझवेल्टना न मिळालेली गोळी आपल्याला मिळते, आणि ती आपण कपाटात ठेवून विसरतो.

मोजायची रीतही सांगतो, कारण जिना चढून धापा टाकत मोजलेलं बीपी खोटं असतं. पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. हात छातीच्या उंचीवर, बाहीवरून पट्टा नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. लघवी लागलेली नसावी, आणि बोलायचं नाही. हे शेवटचं आपल्या लोकांना सगळ्यात अवघड. दोनदा मोजा, आणि एका दिवसाच्या आकड्यावर घाबरूही नका, खूशही होऊ नका. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तरी मोजावं.

भाईजानच्या आजारानंतर त्याच आठवड्यात मी मोजलं. १६४ वर १००. मलाही काहीच होत नव्हतं. तेव्हापासून रोज एक गोळी घेतो. मध्ये एका रमजानमध्ये मीही चुकलो. रोजा आहे म्हणून गोळी सोडली, ईदपर्यंत. ईदनंतर मोजलं तर पुन्हा १६०. डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले, 'मला आधी विचारायचं होतंत. तुमची गोळी चोवीस तास टिकते, इफ्तारनंतर घ्या किंवा सहरीला, रोजा मोडत नाही.' ज्यांना लघवी वाढवणारी गोळी आहे किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मात्र रमजानच्या आधीच विचारावं. नवरात्राचे नऊ दिवस करणाऱ्या भगिनींनीही. आणि तिथं साबुदाणा वड्याबरोबर खारे दाणे किती जातात तेही बघावं.

भाईजान आता काठी घेऊन दारापर्यंत येतात. उजवा हात चालत नाही. बोलणं परत आलं नाही. दोनच शब्द आहेत, 'हां' आणि 'चल'. माझी प्रत्येक कविता मी पहिल्यांदा त्यांना वाचून दाखवायचो आणि ते एखादा शब्द खटकला की तिथंच थांबवायचे. अजूनही वाचून दाखवतो. ते ऐकतात. खटकलं तर कपाळाला आठी पडते, पण कुठला शब्द ते आता मला शोधावं लागतं.

रात्री त्यांच्याकडं गेलो की ते डावा हात पुढं करतात आणि दोन बोटं चिमटीसारखी धरून तोंडाकडं नेतात. गोळी घेतलीस का, असं विचारतात. मी म्हणतो, 'घेतली भाईजान. तुम्ही?'

'हां,' म्हणतात.