दऱ्यांचा दर्या

2004 साली जळकोटात डीटीपीवाल्याकडून माझ्या कविता टाइप करून घेतल्या होत्या. परवा लेकीनं ती फाईल तिच्या लिनक्सवर, लिब्रे ऑफिसमध्ये उघडली. फाईल उघडली, पण मराठीचा पत्ता नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं.

दोष ऑफिसचा नव्हता. आपले जुने फाँट म्हणजे बहुरूपी. संगणकाच्या पोटात अक्षर इंग्रजीच असायचं, फाँट त्यावर 'क'चा अंगरखा चढवायचा. ज्या यंत्रावर फाँट नाही, तिथं अंगरखा गळाला. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, 0915. विंडोज, मॅक, लिनक्स, कुठंही तो बदलत नाही. 1991 पासून देवनागरी त्यात आहे. पण छपाईवाल्यांनी जुने फाँट सोडले नाहीत. अक्षर देखणं होतं ना!

मग रूपांतराचा प्रोग्रॅम वापरला. कविता परतल्या, पण 'बालाघाटच्या दऱ्या' झाल्या 'बालाघाटच्या दर्या'. 'दऱ्या'तला आडवा र त्याला उमगलाच नाही. टँकरची वाट पाहिलेल्या आमच्या मुलखात समुद्र!

आता रोज संध्याकाळी आम्ही बापलेक एकेक पान हस्तलिखित वहीशी ताडून पाहतो. वहीची शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत. तिथले र मला आठवूनच लावावे लागताहेत.